फळीला वळता येत नव्हतं

“साक्ष दे! साक्ष दे! साक्ष दे!”

तीनशे माणसं एका दमात ओरडली आणि ती काळीठिक्कर फळी कोणीही हात न लावता पुढे सरकली. आधी रांगत, मग चालत, मग सुसाट. दहा पावलांवर, खडूनं काढलेल्या रेघेवर, लाकडाच्या वखारीचा वॉचमन उभा होता. फळी त्याच्या नडग्यांवर आदळली आणि तो तोंडघशी पडला.

मग ओरडणं थांबलं आणि लोक कामाला लागले. मी दुसरा शब्द शोधून पाहिला, पण जे चाललं होतं त्याला कामच म्हणायला हवं. कोणी बुटानं, कोणी पट्ट्यानं, कोणी वखारीतल्याच लाकडी रिपेनं. प्रत्येकाला आपली पाळी हवी होती. वॉचमननं डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि रीप त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला भिंतीपर्यंत ऐकू आला. एवढ्या गलक्यात तो कसा ऐकू आला कोण जाणे. कदाचित मी तो कल्पनेतच ऐकला असेन.

भिंतीपर्यंत म्हणालो, कारण मी भिंतीला टेकून उभा होतो. कुठल्याही गर्दीत मी आधी भिंत शोधतो. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. त्या कामात माणसाला बोलावं लागत नाही, आणि पुढे पुढे बोलता येईनासं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी भरदुपारी वखार पेटली होती. जेवून आत लवंडलेले दोन हमाल गेले. आग कशी लागली हे ठरायच्या आधीच, चौथ्या दिवशी, वखारमालकानं कुठून तरी एक गृहस्थ आणला. पांघरलेली लांबलचक शाल, कपाळभर राख, आणि आवाज असा की लिलाव पुकारणाऱ्यानं शिकवणी लावावी. त्यानं राखेतून एक अर्धवट जळलेली फळी उचलली, दोन दिवस कोठीत बसून ‘जागी’ केली, आणि खाली चार चाकं व कडेनं काळ्या कापडाची झालर लावून बाहेर आणली. तेव्हापासून तो फळीवाला झाला.

“लाकूड मुकं असतं, आंधळं नसतं!” तो गरजायचा. “सगळं जळालं, हीच का उरली? कारण साक्षीदाराला आग खात नाही! चाकं का लावली? अहो, न्याय द्यायला तिला रांगत का पाठवायचं? निर्दोष माणूस समोर आला तर ही जागची हलणार नाही. आणि पापी आला तर थांबणार नाही. बघा, माझे हात तिला लागतायत का? हात मी शालीत झाकून ठेवतो, म्हणजे कोणाला शंकाच नको!”

हात झाकल्यानं शंका कशी मिटते, हे कोणी विचारलं नाही. वखारीत तशा अर्धवट जळक्या फळ्या चाळीसेक तरी पडल्या होत्या. आगीनं इतके साक्षीदार कसे सोडले, हेही कोणी विचारलं नाही. माझ्या मनात आलं होतं. पण मनात आलेलं मनातच ठेवायची मला सवय.

त्या रविवारी फळीसमोर एकेक करून पाच जण उभे केले होते. चौघांपुढे ती ढिम्म राहिली. पाचवा वॉचमन.

माझी भिंत नेमकी फळीवाल्याच्या पाठीशी होती. पहिल्यांदा ‘साक्ष दे’चा गजर झाला तेव्हा तो फळीवर कपाळ टेकायला वाकला, त्याची बोटं झालरीखाली गेली, आणि त्या गजराखाली दबलेले तीन बारीक आवाज मला ऐकू आले. दोन आखूड, एक लांब. टीं, टीं, टीऽऽ.

हे आवाज माझ्या ओळखीचे होते. मी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर ऐकले होते.

* * *

माझी नात सोळा वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिनं विजेवर चालणाऱ्या स्केटबोर्डचं किट मागवलं. खोक्यातून फळी, दोन लोखंडी आस, चार चाकं, बॅटरीचा चपटा डबा, एक कंट्रोलर, मुठीत मावणारा रिमोट आणि पिशवीभर स्क्रू निघाले. गंमत अशी की मोटर कुठेच दिसेना.

“मोटर द्यायला विसरले वाटतं,” मी म्हणालो.

“आजोबा, ती चाकाच्या पोटात आहे. हे मागचं चाक उचलून बघा, केवढं जड आहे ते.”

आमची कामं वाटलेली होती. तिनं स्क्रू पिळायचे आणि मी माहितीपुस्तिका मोठ्यानं वाचायची. पुस्तिकेचं भाषांतर भयंकर होतं. ‘फळीस प्रेमाने पालथी करावी’ असं एक वाक्य होतं. नातीला हसू आवरेना. पण मी शब्दन् शब्द वाचला, तळटिपांसह. एवढं एकच काम मला खात्रीनं येतं.

पान अकरा : बटण दाबताच फळी तीन आवाज देते व दहा सेकंद रिमोट शोधते. पान चौदा : अंगठ्याखालचं चाक पुढे ढकललं की फळी पुढे, मागे ओढलं की ब्रेक, आणि थांबलेल्या फळीवर मागे ओढतच राहिलं की ती उलटी चालते. पान एकोणीस : जवळपास याच बनावटीची दुसरी फळी असल्यास दक्षता घ्यावी, कारण त्या दहा सेकंदांत ज्या रिमोटची कळ सर्वांत शेवटी दाबली जाईल, फळी त्याचीच होईल.

पहिल्या चाचणीत फळी टेबलावरून सुटली, पुस्तकांच्या कपाटाची काच फोडून धक्क्यानं उलटी आली आणि माझ्या नडगीत घुसली. सात टाके पडले. मुलगी आम्हा दोघांवर उखडली. “एकीला अजून वय नाही आणि एकाला वयाचा विसर पडलाय!” जावई मात्र बॅटरीचा डबा उलटून बघत म्हणाला, “वायरिंग स्वच्छ केलंय पोरीनं.” तो वायरमन आहे. त्याच्या तोंडी यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

म्हणजे वखारीच्या अंगणात ते तीन आवाज मी ओळखायला हवे होते. ओळखलेही. पण घरी येईपर्यंत मी स्वतःलाच पटवलं की कोणाचा तरी मोबाइल वाजला असेल. जगात टीं-टीं करणाऱ्या वस्तू का थोड्या आहेत? आणि समजा असलंच तसं, तर तीनशे माणसांना सांगणार कोण? मी? मला दुकानात सुटे पैसे परत मागायला जीभ उचलत नाही.

वॉचमन इस्पितळात होता आणि मी चार दिवस गप्प होतो. हे मी इथे लिहून ठेवतो.

* * *

पाचव्या दिवशी जावई घरी आला तो शर्टाची बाही फाटलेली घेऊन. “येत्या रविवारी मला उभं करणार आहेत.”

मुलीच्या हातातलं भांडं खाली आपटलं. “तुम्हाला? का?”

“का म्हणजे? वखारीचं मूळ वायरिंग माझं. नव्या करवतीच्या मशीनला जुनी केबल पेलणार नाही, हे मालकाला मी दोनदा सांगितलं. चौकशीला आलेल्या साहेबालाही तेच सांगितलं. आता मालक म्हणतोय, वॉचमननं दार उघडलं आणि वायरमननं आग लावली.”

“जाऊ नका. पोलिसांत जा.”

“जाऊन आलो. हवालदार म्हणाला, निर्दोष असाल तर फळीला घाबरता कशाला? गेल्या रविवारी तोच सगळ्यात मोठ्यानं ‘साक्ष दे’ करत होता.” तो बाही दुमडू लागला. “नाही गेलो तर ते इथे येतील. तुम्ही तिघं इथे असताना. त्यापेक्षा मी जातो.”

वॉचमनच्या हाडाचा तो आवाज मला पुन्हा ऐकू आला. मी नातीला आतल्या खोलीत नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तिनं डोळे बारीक केले. “फळी कधी वळली का?”

“म्हणजे?”

“डावीकडे, उजवीकडे. माणसं अंगणभर होती. सत्य शोधायला निघालेली फळी गर्दीत शिरली का कोणाकडे?”

मी आठवू लागलो. “नाही. ज्याच्यावर संशय त्यालाच रेघेवर आणून उभा करायचे. ही नुसती सरळ.”

“कारण रिमोटनं ती वळत नाहीच! वर उभ्या माणसानं झुकून वळवावी लागते. आजोबा, ही आपल्यासारखीच फळी आहे!” मग तिचा चेहरा बदलला. “आणि तुम्ही चार दिवस…” ती पुढचं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बेत साधा होता. फळी जागची हलू द्यायची नाही. निर्दोष माणसापुढे ती हलत नाही, हे त्यांचंच शास्त्र. आमचा रिमोट घेऊन कोणीतरी फळीवाल्याच्या पाठीशी उभं राहायचं, आणि त्या दहा सेकंदांत त्याच्यानंतर कळ दाबायची.

“मी गेले तर मला हाकलतील. वायरमनची पोरगी म्हणून सगळे ओळखतात,” ती म्हणाली. “तुम्ही उभे राहा. तुमच्याकडे कोणी बघत नाही.”

आयुष्यभर जे मला टोचत आलं होतं, तेच तिनं माझ्या हातात हत्यार म्हणून ठेवलं. “आणि नाही जमलं तर?” मी विचारलं.

तिनं रिमोट चार्जिंगला लावला.

* * *

रविवारी दुपारी अंगण आधीपेक्षा भरलं होतं. लोक रिपा घरूनच घेऊन आले होते. वॉचमनलाही एका खुर्चीवर बसवलं होतं, हात गळ्यात, चेहरा सुजून निळा. साथीदार पकडला जाताना त्यानं बघावं म्हणून. सगळ्यात पुढे मेलेल्या एका हमालाचा थोरला भाऊ होता. वॉचमनचा हात त्यानंच मोडला होता. त्याच्या डोळ्यांत मला दुष्टपणा दिसला नाही. आठवडाभर झोप नसलेला माणूस होता तो.

जावई रेघेवर जाऊन उभा राहिला. गर्दीतून एक दगड आला आणि त्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं ते पुसलं नाही, हातही वर केले नाहीत.

फळीवाला वाकला. “साक्ष दे!” टीं, टीं, टीऽऽ. मी मनात आकडे मोजू लागलो. शालीखाली त्याचं कोपर किंचित हललं. चार. पाच. सहा. मी खिशातल्या खिशात कळ दाबली. रिमोट तळव्यात एकदा थरथरला. म्हणजे जोडला गेला, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

तिसरा गजर संपला. फळी ढिम्म.

फळीवाल्याचा खांदा हलला. फळी ढिम्म.

“मोठ्यानं! श्रद्धा कमी पडतेय!”

“साक्ष दे!” खिडक्यांच्या काचा थरथरल्या. फळी तशीच.

“काय झालं, महाराज?” वखारमालकानं दात आवळून विचारलं.

“फळी विचार करतेय.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्यानं आम्ही वाचलो असं मला वाटलं. पण मेलेल्याचा भाऊ रीप उगारून पुढे झाला. “फळी विचार करत बसू दे. मला करायचा नाहीये.” आणि त्याच्यामागे दहा, मग वीस.

पहिला फटका जावयाच्या खांद्यावर बसला. तो गुडघ्यावर आला.

माझा अंगठा रिमोटच्या चाकावर होता. मी ते मागे ओढलं. ब्रेक घट्ट धरायला, की फळीवाल्याकडे बघून, हे मला आजही सांगता येणार नाही. पान चौदा मी नातीला तीनदा वाचून दाखवलं होतं. थांबलेली फळी गुरगुरली, उलटी सुटली आणि फळीवाल्याच्या घोट्यांवर जाऊन आदळली. तो शालीसकट उताणा पडला.

कोणीतरी किंचाळलं, “हाच! फळीनं दाखवला! यानंच आग लावली!”

मला वाटलं होतं, फळी त्याच्यावर उलटली की लोकांचे डोळे उघडतील. ते उघडले नाहीत, नुसते दुसरीकडे वळले. तीच माणसं, त्याच रिपा. बूट, पट्टे, पाळ्या. फळीवाल्याचे दोन दात रेघेजवळ पडले. “मी नाही! मी नाही!” तो ओरडत होता, आणि तो खरं बोलत होता. आग त्यानं लावली नव्हती. फळी त्याच्यावर का उलटली, हे त्या अंगणात माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी भिंत सोडली.

“मी चालवली!” मी म्हणालो. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचला नाही. मी गर्दीत घुसलो. कोणाचं तरी कोपर तोंडावर बसलं, चष्मा गेला. “फळी मी चालवली!” मी फळीवाल्यावर ओणवा झालो आणि त्याच्यासाठी खाली येणारी रीप माझ्या गळ्याच्या हाडावर आली. हाड मोडलं आणि कळ अशी आली की मी किंचाळलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो असेन, आणि त्यामुळेच माणसं थबकली.

“आजोबा!” नात गर्दी फाडत येत होती. “हात वर करा! रिमोट दाखवा!”

चांगला हात मी वर केला. अंगठा पुढे ढकलला. फळी पुढे गेली. मागे ओढला. थांबली, मग मागे आली. पुढे. मागे. कोणी ‘साक्ष दे’ म्हटलं नाही, तरी ती येरझाऱ्या घालत राहिली.

नातीनं फळी पालथी केली आणि झालर टराटरा फाडली. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. “ही बॅटरी. हा कंट्रोलर. मोटर या चाकात आहे, उचलून बघा कोणीही. असली आमच्या घरी पण आहे, मी जेवणाच्या टेबलावर जोडली.” मग तिनं फळीवाल्याची शाल झटकली. आमच्याकडच्यासारखाच एक रिमोट खडखडत जमिनीवर पडला.

मेलेल्याच्या भावानं रीप खाली टाकली. वाकून मागचं चाक हातात तोललं. खूप वेळ तोललं. मग मालकाकडे वळून पाहिलं. मालक फाटकाशी पोचला होता.

“मालकांनीच बोलावलं हो,” फळीवाला रक्त थुंकत म्हणाला. “कोणासमोर फळी चालवायची ते त्यांनीच सांगितलं. दोन नावं दिली होती.”

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वॉचमन उठून उभा राहिला होता. तो भावाकडे बघत म्हणाला, “बॅटरी कळली. मोटर कळली. आता एवढं सांग, माझा हात कुणी मोडला? फळीनं?”

भाऊ खाली बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. तिथल्या प्रत्येकानं आपापल्या हातातल्या रिपेकडे पाहिलं.

* * *

वायरिंगचा अहवाल आला. जुनी केबल, नवी करवत. जावई म्हणाला होता तेच. मालक आणि फळीवाला दोघांवर खटला उभा आहे. मारणाऱ्यांवरही आहे, आणि ते योग्यच आहे.

मला उपदेश करायची सवय नाही आणि अधिकारही नाही. पण या प्रकरणातून जे दिसलं ते सांगतो. आपोआप चालणारी वस्तू कोणी दाखवली तर ती पालथी करून बघा. झाकलेले हात उघडे करायला सांगा. ‘का’ हा प्रश्न अवघड वाटला तर ‘कसं’ एवढं तरी विचारा. आणि चमत्कार तुमच्या बाजूनं वळला तरी टाळ्या वाजवू नका, कारण फळी माझ्या जावयावर धावली असती तर ते जेवढं खोटं होतं, तेवढंच ती फळीवाल्यावर धावली तेही खोटं होतं. मारायला निघालेल्या लोकांना कोणीतरी बोट दाखवणारं हवं होतं. बोट कोणाचं आहे हे बघितलं असतं तर दोन हाडं वाचली असती.

खटल्यासाठी आमची जबानी लिहायची होती. वॉचमनचा उजवा हात अजून वळत नाही, म्हणून तो आमच्याकडे आला. त्याच जेवणाच्या टेबलावर त्यानं सांगितलं ते मी लिहून घेतलं. मग माझी जबानी लिहिली, आणि त्यानं सांगितलं म्हणून त्याला वाचून दाखवू लागलो.

“…पहिल्या रविवारी गजर चालू असताना मी तीन आवाज ऐकले. ते कशाचे हे मला ठाऊक होतं. मी काही बोललो नाही.”

“हे वाक्य पुन्हा वाचा,” वॉचमन म्हणाला. “जरा मोठ्यानं.”

मी वाचलं. मोठ्यानं.